२६/११ नंतर नक्की काय कामाला आलं? कायदा, सरकार की धर्म?

गिरगावकर:
काल लेकीने विचारलं, बाबा कसाबला चार वर्षं कशाला ठेवला, लगेच फाशी का नाही दिली? मला धड उत्तरच देता येईना. १६६ माणसं गेली त्यात, राग अजून आहेच. पण पुढे अशा लोकांना रोखायला यातलं काय उपयोगी पडलं असं तुम्हाला वाटतं?

तळेगावचा वाचक:
माझ्या मते कोर्ट. त्याला वकील मिळत नव्हता तर कोर्टाने दिला. आर्थर रोड तुरुंगाच्या आत खटला चालला, मे २०१० मध्ये फाशी सुनावली, मग हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. आपल्याकडे जमिनीचा दावा याहून जास्त चालतो हो! आणि त्याच निकालात दोन भारतीय आरोपी पुरावा पुरेसा नाही म्हणून सुटले, हेही लेकीला सांगा, मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

सदाफुली:
सरकारचं म्हणाल तर आधी झोप आणि नंतर धावपळ. केंद्राचे एनएसजी कमांडो मुंबईत पोचेपर्यंत सकाळ झाली, तोवर आपले पोलीस लढत होते, तुकाराम ओंबळेंनी तर कसाबच्या एके-४७ ची नळी हाताने धरून ठेवली. एनआयए या राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा, मुंबईत एनएसजीचा तळ, राज्य पोलिसांचं फोर्स वन कमांडो दल हे सगळं नंतरचं. तेव्हा असतं तर किती जीव वाचले असते, हा विचार डोक्यातून जात नाही.

भेंडीबाजार:
धर्माचं मी सांगतो. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाच्या ट्रस्टने हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना पुरायला जागा द्यायला साफ नकार दिला. आमच्यात दफन अडवणं म्हणजे काय ते घरात मय्यत झालेल्यालाच कळेल. वर्षभराहून जास्त प्रेतं जेजे रुग्णालयाच्या शवागारात पडून होती, शेवटी जानेवारी २०१० मध्ये सरकारने गुपचूप पुरली. देवबंदच्या दारुल उलूम मदरशाने फेब्रुवारी २००८ मध्ये, म्हणजे हल्ल्याच्या आधीच, दहशतवाद इस्लामविरोधी म्हणून जाहीर केलं होतं, पण कब्रस्तानाचा नकार सगळ्या जगाला समजला.

मोसमकाठ:
मी मालेगावची. आमच्याकडे सप्टेंबर २००६ मध्ये शब-ए-बारातच्या दिवशी कब्रस्तानापाशीच स्फोट झाले, पकडलेली मुस्लिम पोरं पाच वर्षं आत राहिली आणि २०१६ मध्ये कोर्टाने आरोपमुक्त केली. मालेगावच्याच २००८ च्या स्फोटाचे सातही आरोपी जुलै २०२५ मध्ये सुटले. २००६ च्या मुंबई लोकल स्फोटातल्या बाराही जणांची शिक्षा हायकोर्टाने त्याच महिन्यात रद्द केली, ते प्रकरण मग सुप्रीम कोर्टात गेलं. मग मारलं कोणी? कसाबच्या खटल्यात तपास नीट झाला, पुरावे टिकले, तसं आमच्या वाट्याला का नाही आलं?

गिरगावकर:
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. लेकीला हेही सांगेन.