धागा: नवी कादंबरी घेताना दुकानातच काय काय तपासता?

तलावपाळीकर
कपाट आवरताना एक जुनी कादंबरी हाती आली. पान ९६ संपतं आणि समोर थेट ११३. म्हणून हा धागा.

छापलेला मोठा कागद दुमडून सोळा पानांचा जुडगा होतो, तो एक फर्मा. ९६ म्हणजे सहा फर्मे पूर्ण, सातवा गायब. बांधणीआधी फर्मे क्रमानं रचतात, तेव्हा एखादा राहून जातो नाहीतर दोनदा पडतो. म्हणून पैसे देण्याआधी १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे बघत जा. तीनशे पानांना दोन मिनिटं पुरतात. दोष दिसला तर त्याच गठ्ठ्यातली दुसरी प्रत डोळे झाकून घेऊ नका. ती सोबतच रचलेली असते, तिच्यातही तोच घोळ असू शकतो. बिल मात्र जपा, बदली प्रत मागताना लागतं.

तुम्ही काय बघता? सविस्तर लिहा.

नौपाडा_वाचक
एक भर. प्रस्तावनेच्या पानांना वेगळे आकडे असले की हिशोब सरकतो. प्रस्तावना आठ पानांची असेल तर सांधा ८-९, मग २४-२५ असा येतो.

ऐरोलीची_माई
अगंबाई, सोळा पानं गेली म्हणजे एखादं अख्खं प्रकरणच गेलं की! वाईट वाटलं वाचून.

जुईनगर_लोकल
मी बांधणी आधी बघतो. पुस्तक उभं धरून पाठीची वरची कड बघा. पानांचे छोटे छोटे गोल जुडगे दिसले तर शिलाई आहे. सगळी पानं सुटी, सपाट कापलेली दिसली तर नुसता गोंद. दोनशे पानांपर्यंत गोंद चालतो. चारशेच्या वर गेलात तर शिलाईच घ्या, शंभर रुपये जास्त पडले तरी. कारण गोंदाच्या बांधणीत पाठ खरवडून त्यावर गरम गोंद देतात. खरवडणं कमी झालं की गोंद आत मुरत नाही आणि मधलीच पानं सुटतात.

आणि घरी नेल्या नेल्या मधोमध उघडून दाबू नका!! पाठ टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे आडवे करा, मग पुढून पंधरा-वीस पानं, मागून पंधरा-वीस, असं आलटून पालटून मधापर्यंत या. पाठ तडकत नाही.

घोडबंदर_रोड
दादा, पुस्तकं घ्यायला वाशीहून ठाण्यात राम मारुती रोडला यायचं तर गाडीनं की लोकलनं?

जुईनगर_लोकल
लोकलनंच या. ट्रान्स-हार्बर ठाण्याला ९-१० नंबरवर लागते, ती पूर्वेची बाजू. पूल ओलांडून पश्चिमेला उतरा, पुढे चालतच. गाडी लावायला तिथे जागा मिळत नाही.

कोपरी_पूर्व
"नवी" म्हणजे खरंच नवी का, ते बघता का कोणी? मुखपृष्ठावरच्या पुरस्काराच्या पट्टीवर जाऊ नका. साहित्य अकादमीचा २०२३ चा पुरस्कार घ्या: त्यासाठी २०१७ ते २०२१ मध्ये पहिल्यांदा आलेली पुस्तकं विचारात होती. म्हणजे पट्टी ताजी, पुस्तक जुनं. त्यानं वाईट ठरत नाही, पण घरात आधीच असलेली कादंबरी नव्या मुखपृष्ठामुळे दुसऱ्यांदा घेतली जाते. शीर्षकपानामागचं पान उघडा, पहिल्या आवृत्तीचं साल तिथे असतं.

अनुवाद असेल तर त्याच पानावर मूळ भाषा, मूळ नाव आणि अनुवादकाचं नाव आहे का बघा. मूळ कन्नड किंवा बंगालीतून थेट आलाय की इंग्रजीवरून, ते कळलं पाहिजे. संवादांत हा फरक फार पडतो.

ऐरोलीची_माई
हे छान सांगितलंत. मलपृष्ठावरचा मजकूर मी वाचतच नाही, अर्धी गोष्ट तिथेच फोडतात. पहिलं पान, मग मधलं संवादांचं एक पान. दोन पानांत तीन-चार मुद्रणदोष दिसले की पुस्तक परत जागेवर. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी संवाद भरपूर असतील तर शेवटी शब्दार्थ दिलेत का तेही बघते. भाजी जळतेय, नंतर येते.

नौपाडा_वाचक
शंका असेल तर आधी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात मिळते का बघा, १८९३ पासूनची आपली संस्था आहे. वाचून आवडली की विकत घ्या. लेखकाला पैसे तेव्हाच पोचतात, म्हणून आवडलेली तरी घ्याच. फुटपाथवरची नकली प्रत नको: कागदातून मागची अक्षरं दिसतात, मुखपृष्ठ धूसर, समास एकीकडे तिरका कापलेला.

आणि छापील किमतीवर वेगळा जीएसटी लागत नाही, पुस्तकांना तो शून्य आहे.

घोडबंदर_रोड
आमच्याकडे पावसाळ्यात पुस्तकांना कुबट वास येतो, खाडी जवळ. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवू का?

जुईनगर_लोकल
अजिबात नको. पिशवीत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, पुस्तकं उभी आणि थोडी सैल ठेवा. पाऊस सरला की सावलीत पंख्याखाली उघडून ठेवा. उन्हात नाही, गोंद ठिसूळ होतो आणि कागद पिवळा पडतो. डांबरगोळ्या ठेवल्यात तर कागदाला टेकू देऊ नका, आणि घरात लहान मूल असेल तर ठेवूच नका.

ऐरोलीची_माई
आले. कव्हर घालताना चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावू नका हं, कव्हरची कड कव्हरलाच चिकटवा. पट्टी पिवळी पडते आणि काढताना चित्राचा रंग सोबत घेऊन येते.

घोडबंदर_रोड
माई, ब्राउन पेपर की पारदर्शक?

ऐरोलीची_माई
पारदर्शक. मुखपृष्ठ दिसायला हवं ना.