मदत हवी आहे : एकेरी रस्ता दुहेरी होतोय, हरकत कशी लिहू?

नमस्कार मंडळी. पुण्यात पेठेत राहते. आमच्या घरासमोरचा एकेरी रस्ता दुहेरी करून मुख्य वाहतुकीसाठी वापरायचं घाटतंय. असे बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५, ११६ खाली निघतात आणि आधी हरकती-सूचना मागवतात, एवढं मला माहीत आहे.

माझा दुहेरीला सरसकट विरोध नाही. अमेरिकेत लुइव्हिलमध्ये २०११ साली दोन रस्ते दुहेरी केल्यावर अपघात कमी झाले, कारण गाड्यांचा वेग उतरला. पण तिथला उद्देशच रस्ता शांत करण्याचा होता. इथे जास्त गाड्या जास्त वेगाने काढायच्या आहेत, आणि माझी काळजी तीच आहे.

समोर शाळा आहे. आत्ता व्हॅनवाले काका फाटकाशीच थांबतात आणि मुलं थेट फुटपाथवर उतरतात. दुहेरी झाल्यावर उलट दिशेने येणाऱ्या व्हॅनमधली मुलं पलीकडे उतरणार आणि दोन्ही बाजूंची वाहनं चुकवत रस्ता ओलांडणार. फुटपाथही कापतील अशी धास्ती आहे. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) नियमाप्रमाणे तो किमान १.८ मीटर मोकळा हवा.

कुणी अशी हरकत दिली आहे का? रहदारीची मोजणी आणि चौकांचे आराखडे माहिती अधिकारात मागवायचेत, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची, तोवर हरकतींची मुदत संपली तर? आधी प्रायोगिक बदल मागावा की थेट विरोध? सिग्नल आणि उंचावलेलं क्रॉसिंग आधी, वाहतूक नंतर, अशी अट कुणाला पदरात पाडून घेता आली असेल तर मसुदा कृपया इथेच टाका.