मदत हवी आहे : ल्युकेमियाच्या रुग्णाला कानावर न भरणारी जखम
माझ्या वडिलांना (वय ७१, दादर) क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया (रक्ताचा सावकाश वाढणारा कर्करोग) असून २०१९ मध्ये बेंडामस्टिन व रिटुक्सिमॅब या कर्करोगावरील औषधांची सहा आवर्तने झाली. सध्या औषध नाही, दर तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) होते. या आजारात प्रतिकारशक्तीच क्षीण होत असल्याने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे ठाऊक असल्यामुळे कानाच्या पाळीवरची दोन महिने न भरणारी जखम मला साधी वाटत नाही. (बाबा खपली नखाने काढतात, तो वेगळाच ताप.) त्वचारोगतज्ज्ञांचे मलम तीन आठवडे लावूनही फरक नाही. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ९५,००० आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही. रक्तविकारतज्ज्ञांची वेळ पुढच्या महिन्यात मिळाली आहे. तोपर्यंत न थांबता त्वचारोगतज्ज्ञांकडेच बायोप्सीचा (जखमेचा तुकडा काढून तपासण्याचा) आग्रह धरावा का, आणि अशा रुग्णाची संपूर्ण त्वचा आपल्याकडे किती महिन्यांनी तपासून घेता?