लेकरांना सर्किट शिकवायचंय, सामान काय घेऊ?

सेलूची ताई: नमस्कार मंडळी. सेलूजवळच्या खेड्यात संध्याकाळी पाचवी ते सातवीची लेकरं शिकवते. सर्किटची आकृती झकास काढतात, पण हातात सेल आणि वायर दिली की एकमेकांकडं बघत बसतात. ऑनलाइनचे किट परवडत नाहीत. परभणीत मिळेल अशा सामानातून काय करता येईल? घरी जाऊन बोर्डात बोटं घालतील, हीसुद्धा धास्ती आहेच.

वायरमन लातूर: किटच्या नादी लागूच नका, ताई. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं सुटे लाल एलईडी आणि १०० ओहमचे रेझिस्टन्स (करंट आवरणारे छोटे तुकडे) मिळतात. पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा, लाल एलईडीला लागतात १.८ ते २. म्हणजे एका सेलवर तो पेटत नाही. पण हे आधी सांगू नका! एकच सेल द्या, होऊ द्या कुरकुर, मग दुसरा द्या. रेझिस्टन्स मात्र मध्ये हवाच. एलईडीचा लांब पाय प्लसला. दोन सेलवर उलटा लागला तरी जळत नाही, करू द्या बिनधास्त.

वायर विकत घेऊ नका. मोटार वाइंडिंगवाल्याकडं तांब्याच्या तारेचे तुकडे पडलेले असतात. फक्त त्या तारेवर इनॅमलचा, वीज अडवणारा थर असतो. टोकं पॉलिश पेपरनं चकचकीत होईस्तोवर घासली नाहीत तर सगळं बरोबर जोडूनही दिवा लागत नाही. बिघाड कुठाय ते त्यांनाच हुडकू द्या, खरं शिकणं तिथंच होतं.

अंबाजोगाईकर: मीठ घालून मळलेली कणीक करून बघा. दोन गोळे, एलईडीचा एकेक पाय एकेकात, चार सेल. इथं रेझिस्टन्स नको, कणकेचाच पुरतो. गोळे एकमेकांना चिकटले की दिवा गेला. शॉर्टसर्किट वेगळं समजवावं लागत नाही. (ज्वारीचं पीठ कुणी सुचवू नका, ते चिरतं.)

नांदेडचा निल्या: चपटा बटन सेल घ्या की. ३ व्होल्टचा, एलईडीच्या पायांत धरला की झालं.

अंबाजोगाईकर: सोबत धाकटी भावंडं येत असतील तर अजिबात नको. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

वायरमन लातूर: खरंय. आणि बोर्डाचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी सांगा: आपला खेळ ३ व्होल्टचा, भिंतीतले २३०. सेलचं सामान भिंतीजवळ न्यायचं नाही. पुढं विचारा, शेजाऱ्यानं दिवा बंद केला तर आपला का जात नाही, आणि डीपी (गल्लीचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की अख्ख्या गल्लीचा का जातो? पॅरलल जोडणी (प्रत्येक दिव्याला आपापली वेगळी वाट) तिथूनच सुरू करा.

तार उरली तर मोटार बनवा. अरविंद गुप्तांचे टाकाऊतल्या खेळण्यांचे व्हिडिओ मराठीतही आहेत. सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तारेचं वेटोळं. एक टोक पूर्ण घासायचं, दुसरं अर्ध्याच बाजूनं.

सेलूची ताई: वाइंडिंगवाला तर शाळेच्या समोरच आहे! पांढरे एलईडी पडलेत घरात, ते चालतील?

वायरमन लातूर: त्यांना ३ व्होल्टच्या आसपास लागतात. तीन सेल लावा, रेझिस्टन्स तोच.