'प्रे' म्हणजे सावज, शिकार की भक्ष्य?

'प्रे' या चित्रपटावर चार ओळी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८७ साली 'प्रेडेटर' आला होता, त्याच्या कितीतरी आधी घडणारी ही गोष्ट, म्हणजे त्याचा प्रीक्वेल, २०२२ मध्ये आली. काळ १७१९चा. जागा उत्तर अमेरिकेतली अफाट गवताळ मैदानं. कोमांची या तिथल्या मूळनिवासी जमातीतली नारू नावाची तरुणी, जिला शिकारी व्हायचंय आणि जिला बरोबरीची पोरं हसण्यावारी नेतात. आणि त्याच रानात आकाशातून उतरलेला, उष्णतेवरून जीव हेरणारा एक परग्रहवासी.

माझे तीन प्रश्न आहेत. एक, प्रीक्वेलला मराठीत काय म्हणायचं? मी 'ऐतिहासिक विज्ञान-भय-पूर्वकथापट' असं लिहिलं आणि मालगाडीचे डबे मोजल्यासारखं वाटलं. दोन, 'प्रे' या नावाला मराठी शब्द कोणता? आणि तीन, आमच्याकडे हा चित्रपट तिघांनी पाहिला. एकाला 'पटला नाही', एकीला 'पचला नाही', आणि धाकट्याचं म्हणणं 'भीतीच नाही वाटली'. ही एकच तक्रार आहे की तीन?

* * *

पूर्वकथा म्हणा की सरळ. एवढा काथ्याकूट कशाला?

* * *

काथ्याकूट करावा लागेल, कारण 'पूर्वकथा' हा शब्द आधीच दुसऱ्या कामावर आहे. क्रमशः कादंबरी छापताना नव्या प्रकरणाच्या डोक्यावर मागच्या भागांचा गोषवारा देतात, त्याला पूर्वकथा म्हणतात. ती वाचकाने वाचलेलीच असते, विसरला असेल म्हणून परत सांगायची. प्रीक्वेलमध्ये सगळं नवं असतं, फक्त काळ आधीचा.

'पूर्वार्ध' तर मुळीच नको. अर्ध म्हटलं की दोन्ही तुकडे मिळून एक वस्तू व्हायला हवी. पस्तीस वर्षांनी आलेल्या, दुसऱ्याच माणसांच्या गोष्टीला पूर्वार्ध कसं म्हणणार? 'पूर्वरंग' सुचवणारेही भेटतील. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं आणि आख्यान लागतं ते उत्तररंगात. म्हणजे पूर्वरंग म्हटलं की गोष्ट अजून सुरूच व्हायचीय.

गंमत अशी की ही वस्तू आपल्याकडे फार जुनी आहे. वाल्मीकी रामायणाचं शेवटचं कांड बघा. युद्ध संपलंय, रावण मेलाय, राम गादीवर बसलाय. मग अगस्ती येतात आणि रामाला रावणाचा जन्म, त्याचं तप, त्याला मिळालेला वर, त्याचा दिग्विजय असं सगळं पहिल्यापासून सांगतात. मारुतीचं बालपणही तिथेच. हा अस्सल प्रीक्वेल, आणि मुक्काम कुठे, तर उत्तरकांडात! ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. घडण्याचा क्रम वेगळा, सांगण्याचा वेगळा, हे त्यांना ठाऊक होतं. त्यासाठी निराळा शब्द पाडायची गरज पडली नसावी.

इंग्रजांनी तरी काय केलंय? सीक्वेलच्या मुळाशी लॅटिनमधलं 'मागून येणं' आहे. त्याचं डोकं उडवून 'प्री' चिकटवलं. उरलेल्या 'क्वेल'ला स्वतःचा अर्थ काहीच नाही. असल्या जोडकामाचं भाषांतर करण्यापेक्षा 'प्रीक्वेल' तसाच वापरा. बोलताना 'आधीची गोष्ट' पुरते.

* * *

काका, उत्तरकांडाचा दाखला आवडला. पण मग मालगाडीचं काय करू? त्यातला 'भय' हा डबा, म्हणजे इंग्रजीतला 'सर्व्हायव्हल हॉरर', सर्वांत जड आहे.

* * *

तो डबा मुळात सिनेमाचा नाही, व्हिडिओ गेमचा आहे. १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'पासून हे नाव रूढ झालं. त्यातली गोम फक्त भीतीत नाही, तुटपुंज्या साधनांत आहे. गोळ्या कमी, औषध कमी, आणि समोरचा तुमच्या दसपट ताकदीचा. नारूकडेही काय आहे? दोरी बांधलेली छोटी कुऱ्हाड, एक कुत्रा, आणि औषधी झाडपाल्याची जाण.

'जगण्याची धडपड' म्हटलं की मला बेकारीवरचा चित्रपट डोळ्यांपुढे येतो. 'तग धरणे' जवळचं आहे, पण तग दुष्काळातही धरतात, समोर कुणी शत्रू लागत नाही. माझं मत 'निभाव लागणे'ला. 'त्याच्यापुढे तुझा निभाव लागायचा नाही' या वाक्यात समोरचा आहे, त्याचं बळ आहे आणि आपली तोकडी बाजूही आहे. नामात कोंबायचा हट्ट धरू नका. 'निभाव लागेल की नाही अशा धास्तीची गोष्ट' असं लिहा, मालगाडी सुटेल.

* * *

पटणे आणि पचणे एक नव्हेत. 'पटणे' डोक्याचं काम आहे. एवढीशी पोरगी त्या धिप्पाड प्राण्याला कशी मारेल, हे पटलं नाही असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी बोलता येतं. (पुढे शेवट सांगितलाय, ज्यांना बघायचाय त्यांनी हा परिच्छेद ओलांडा.) ती मनगटाच्या जोरावर जिंकतच नाही. एक फूल खाल्लं की अंगातली ऊब उतरते आणि मग त्या प्राण्याच्या नजरेला माणूस दिसत नाही, हे तिला कळलेलं असतं. त्याची अस्त्रं त्याच्याच मुखवट्याच्या रोखाने सुटतात, हेही तिने हेरलेलं असतं. दलदल कुठे आहे ते तर स्वतः आधी रुतून शिकलेली. अर्धा चित्रपट ती बघतेय, हरतेय आणि लक्षात ठेवतेय.

एवढं सांगूनही समोरचा मान हलवत राहिला, तर समजा त्याला ते 'पचलेलं' नाही. पटत नाही तेव्हा खोट गोष्टीत असू शकते. पचत नाही तेव्हा गोष्ट बरी असते, पोट तयार नसतं. चित्रपट आल्यावर नायिकेवरून जे वाद झडले, त्यातले बरेच जण 'पटत नाही' म्हणत होते आणि त्यांना म्हणायचं होतं 'पचत नाही'. पहिल्याला दाखला देता येतो, दुसऱ्याला ओवाच द्यावा लागतो.

'रुचणे' तिसरंच. मला तो रक्ताचा सडा रुचला नाही. गोष्ट पटली, नायिका पचली, तरीही.

* * *

धाकट्याची तक्रार मला रास्त वाटते. भीतीचे शब्द आपण सरमिसळ वापरतो. 'दचकणे' क्षणाचं, आवाज झाला की दचकलो, संपलं. 'धास्ती' येणाऱ्या गोष्टीची असते. 'धसका' गेलेल्या गोष्टीचा, तो दिवसेंदिवस राहतो. 'काटा' आणि 'रोमांच' म्हणजे शरीरापुरतं एकच, केस उभे राहणं, पण मराठीत काटा भीतीचा झाला आणि रोमांच सुखाचा. 'प्रे'मध्ये सुरुवातीला धास्ती चांगली आहे. उंदराला साप धरतो, सापाला तो अदृश्य प्राणी. मग लांडगा, मग अस्वल, पायरी पायरीने चढत जाणारं. पण नारूला त्या प्राण्याची रीत उमगली की काट्याचा रोमांच होतो. जुन्या भाषेत भयानक रस संपून वीर सुरू होतो. पोराला भीती वाटली नाही म्हणजे तो उत्तरार्ध मनापासून बघत होता.

* * *

एक अवांतर. मी हा चित्रपट कोमांची भाषेतल्या आवाजात पाहिला. त्याच नटांनी त्या भाषेत आपापले संवाद म्हटलेत. फ्रेंच शिकारी जे बोलतात त्याला मात्र खाली अक्षरं नाहीत. काही जणांना हा राग आला की 'काही कळलंच नाही'. अहो, नारूलाही कळत नाही!

आणि नवे शब्द पाडण्यावरून इतकी डोकेफोड चाललीय म्हणून सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात कोमांची जवान आपल्या भाषेत गुप्त निरोप पाठवत. त्यांच्या भाषेत रणगाड्याला शब्द नव्हता, तर ते 'कासव' म्हणत. बॉम्बफेकी विमानाला 'गाभण विमान'. जोडाक्षरांची मालगाडी नाही, 'यंत्र' नाही, 'पट' नाही. आपण मात्र 'विज्ञान-भय-पूर्व' करत बसतो.

* * *

गाभण विमान! आता याहून कमी कशावर समाधान होणार नाही.

पण दुसरा प्रश्न राहिला. मी आत्तापर्यंत 'भक्ष्य' लिहून ठेवलंय. शाळेत भक्षक आणि भक्ष्य असंच शिकलो.

* * *

भक्ष्य म्हणजे खाण्याजोगं. तो प्राणी कुणाला खातो का? कवट्या काढून नेतो. जीवशास्त्राच्या पुस्तकात भक्ष्य ठीक आहे, इथे अर्थच चुकतो. 'शिकार' घ्या. 'शिकार करणे' आणि 'शिकार होणे', एका शब्दात दोन्ही बाजू. चित्रपट तेवढाच आहे.

* * *

'शिकार'वर जवळजवळ राजी होतो, पण 'सावज' सोडवत नाही. त्याचं कारण सांगतो, जरा दमाने वाचा.

सावज आला 'श्वापद'वरून. प्राकृतात त्याचं 'सावय' झालं, पुढे आपलं सावज. श्वापद म्हणजे ज्याचे पाय कुत्र्यासारखे तो, म्हणजे पंजाचा हिंस्र पशू. वाघ, लांडगा, असले. मराठीत आजही 'हिंस्र श्वापदं' म्हणतो ती खाणारीच. पण तोच शब्द झिजून सावज झाला आणि बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. 'सावज टप्प्यात आलं', 'सावज हेरलं'. शेजारच्या गुजरातीत हाच शब्द आहे आणि तिथे सावज म्हणजे चक्क सिंह! गीरच्या जंगलातला. एकच शब्द, एका भाषेत मारणारा, दुसरीत मरणारा.

इंग्रजीतही तसंच घडलंय. प्रेडेटर आणि प्रे दोन्ही लॅटिनमधल्या 'प्रेडा'ची लेकरं. प्रेडा म्हणजे लूट. प्रेडेटर मुळात लुटारू, आणि प्रे म्हणजे लुटीचा माल. मला हे कळल्यावर चित्रपटातलं एक दृश्य परत आठवलं. माळावर सोललेले गवे पडलेत, कातडी तेवढी नेलीय, मांस तसंच कुजतंय. आपल्याला वाटतं हे काम त्या परग्रहावरच्याचं. मग कळतं, फ्रेंच माणसांचं. खाण्यासाठी मारणारे नारूचे लोक, मिरवण्यासाठी मारणारा तो प्राणी, आणि विकण्यासाठी मारणारे हे. जुन्या अर्थाने प्रेडेटर कोण ते तुम्हीच ठरवा.

म्हणून 'सावज'. नारू सापळ्यात अडकलेली असताना तो प्राणी तिच्याकडे दुर्लक्ष करतो, कारण तिच्यापासून धोका नाही असं त्याला वाटतं. त्याच्या लेखी ती सावजसुद्धा नाही. तिथून ती त्याला मारण्यापर्यंत जाते. 'शिकार' शब्दात दोन अर्थ शेजारी शेजारी बसलेत. 'सावज'ने एकातून दुसऱ्यात प्रवास केलाय. आणि हो, नारूच्या कुत्र्याचं नाव सारी. कोमांची भाषेत सारी म्हणजे कुत्रा. श्वापदातला 'श्व'ही कुत्राच. योगायोग आहे, पण मला फार आवडला.

* * *

विकत घेतलं. पण मग प्रेडेटरला 'पारधी' म्हणता येईल ना? पारध हा किती देखणा शब्द आहे.

* * *

पारध देखणाच आहे, पण पारधी हे जित्याजागत्या माणसांच्या समाजाचं नाव आहे, आणि त्या नावापायी त्यांनी काय काय सोसलंय ते आपल्याला माहीत आहे. कवट्या गोळा करणाऱ्या राक्षसाला ते नाव देऊ नका. 'शिकारी' पुरेसं आहे.

* * *

तिथेच तर अडचण आहे. राक्षसही शिकारी आणि नारूही शिकारी. मराठीत बाईला काय म्हणायचं? शिकारीण?

* * *

शिकारीण म्हणजे शिकाऱ्याची बायको वाटते. माळीण, तेलीण, पाटलीण तशी. तिने स्वतः काही मारलं असेल असं त्या शब्दावरून कुणाच्या मनात येणार नाही.

* * *

वाघीण काय वाघाची बायको म्हणून वाघीण आहे का? ती स्वतःच्या हिमतीवर वाघीण आहे. प्रत्ययाला दोष देऊ नका. माणसांत बायकांना धंदा नवऱ्यावरून मिळाला, म्हणून प्रत्ययाला तो वास लागला.

* * *

हे खरंय, पण वास लागलाय तो लागलाय. आज मी 'शिकारीण' लिहिलं तर वाचणारा आधी शिकारी नवरा शोधेल. नारूची अख्खी कटकट तीच आहे. भाऊ मोठा शिकारी, आई म्हणते तुझ्या हातात दुसरी कला आहे, औषधांकडे लक्ष दे. आमच्या भाषेनेही तिला तेच सांगावं?

तर लेख असा पाठवतेय: मथळा 'सावज', आत 'प्रीक्वेल' तसाच, 'निभाव' दोनदा, आणि 'पूर्वकथापट' गेला. नारू पहिल्या वाक्यापासून 'शिकारी'. शब्दाच्या शेवटी ईकार आहेच, आणखी शेपूट कशाला? छापून येताना कुणी त्याचं 'शिकारीण' केलं तर मात्र भांडायला जाईन.