मदत हवी आहे: पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) पडदा पाणी आणि अल्कोहोल वेगळं करत नाहीये

मोहफूल_गडचिरोली
पर्व्हेपोरेशनसाठी (वर द्रव, खाली निर्वात, पडद्यातून वाफ खाली जाते) पीव्हीएचा पडदा केला, साखळ्या जोडायला ग्लुटाराल्डिहाइड घातलं, खाली व्हॅक्यूम पंप लावला. ट्रॅपमध्ये (वाफ गार करून पकडायचं भांडं) जमतंय ते वर ओतलंय तेवढ्याच टक्क्यांचं. सोमवारी सरांना आकडे द्यायचेत. लवकर सांगा.

वणीकर
पीव्हीए ८८ टक्के हायड्रोलिसिसवालं (ॲसिटेट गट तेवढे काढलेलं) की ९९? ॲसिड किती? वर कोणतं अल्कोहोल, किती टक्के? खालचा दाब? हे कळल्याशिवाय काय सांगू भाऊ?

चाळणी३ए
पडद्याच्या मागं कायले लागता? ३ए मॉलिक्युलर सिव्ह (पाणी शोषणारे दाणे) भरा, रात्रभरात अल्कोहोल कोरडं.

वणीकर
आणि ती सिव्ह परत अडीचशे अंशाला कोण तापवणार? त्याला पडदाच करायचा आहे.

मोहफूल_गडचिरोली
९९ टक्केवालं. वर ७० टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). ॲसिड नाही घातलं, ग्लुटाराल्डिहाइड पुरे ना? पंप फ्रिजवाल्याचा, दाब मोजला नाही. ट्रॅप बर्फात.

काचपट्टी
ॲसिडशिवाय पीव्हीएच्या साखळ्यांचं जाळं बनत नाही. पडद्याचा तुकडा ९० अंशाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. विरघळला तर जाळं बनलंच नाही. ५ ग्रॅम पीव्हीए ९५ ग्रॅम पाण्यात ९० अंशाला ढवळून विरघळवा, थंड करा, गाळा. २५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड साधारण २ मिली, शेवटी हायड्रोक्लोरिकचे थेंब, आणि लगेच काचेवर ओता. मे महिन्यात दुपारी हे करू नका, भांड्यातच गोळा होतो.

वणीकर
त्यापेक्षा मॅलेइक ॲसिड घालून १५० अंशाला तापवा. ग्लुटाराल्डिहाइडचा वास डोळ्यात जातो.

काचपट्टी
१५० अंशाची ओव्हन आहे का त्याच्याकडे, ते तर विचारा. पण जाळं नसलं तरी पडदा थोडं तरी पाणी निवडतो. टक्के अगदी तेवढेच येतात म्हणजे गळती आहे. वरच्या आयपीएत मिथिलीन ब्लू टाका. या रंगाची वाफ होत नाही. ट्रॅपमध्ये निळं दिसलं तर पडद्याला भोक आहे किंवा कडेची सीलची रिंग गळतेय.

पशुधन_यवतमाळ
बर्फाचा ट्रॅप चालणार नाही. शून्य अंशाला बर्फाचाच बाष्पदाब ६ मिलिबार. आयपीए पाण्याआधी निसटून पंपाच्या तेलात जातं आणि पडदा खोटाच चांगला दिसतो. गुरांच्या दवाखान्यात रेतनासाठी द्रव नायट्रोजन असतो, विचारून पाहा. पंप आधी, नायट्रोजन नंतर. उलटं केलं तर हवेतला ऑक्सिजन ट्रॅपमध्ये द्रव होतो, ते धोक्याचं आहे.

रानवाट
मोहाच्या दारूला परवाना लागतो का?

वणीकर
वेगळा धागा काढा.

मोहफूल_गडचिरोली
तुकडा विरघळला. ट्रॅप निळा, आणि पडद्यावर रिंगजवळ चीर.

काचपट्टी
फुगून मऊ झाला आणि रिंगखाली फाटला. नवा पडदा आधी रात्रभर त्याच आयपीएत भिजवा, फुगून झाला की मग रिंग आवळा. खाली सच्छिद्र स्टीलची चकती, तिच्यावर फिल्टर पेपर. सुरुवात ९० टक्के आयपीएपासून करा, ७० ला पडदा जास्त फुगतो. सोमवारी टक्क्यांसोबत फ्लक्सही द्या: ट्रॅपमधले ग्रॅम भागिले क्षेत्रफळ भागिले वेळ.

मोहफूल_गडचिरोली
चकती नागपुरात कुठं मिळेल?