तळपायावरची चिवट चामखीळ: लेझर करून घ्यावा का?

प्रश्न

नमस्कार. माझ्या उजव्या तळपायावर, टाचेच्या थोडे पुढे, सुमारे दोन वर्षांपासून चामखीळ आहे. सुरुवातीला ते कुरूप समजून मी कित्येक महिने त्यावर कॉर्न कॅप लावत राहिलो. त्वचारोगतज्ज्ञांनी वरचा जाड थर तासून आतले काळे ठिपके दाखवले तेव्हा ही विषाणूमुळे झालेली चामखीळ असल्याचे कळले. त्यानंतर सॅलिसिलिक आम्लाचे औषध झाले, द्रवरूप नायट्रोजनने गोठवण्याच्या चार खेपा झाल्या. परंतु दर वेळी खपली पडून गेल्यावर महिनाभरात तोच खरखरीत उंचवटा पुन्हा बोटाला लागतो आणि आता शेजारी दोन लहान चामखिळीही उगवल्या आहेत. डॉक्टरांनी लेझर सुचवला आहे. लेझरने ती मुळासकट जाते का, आणि त्यानंतर पाय किती दिवस टेकता येत नाही? माझे काम दिवसभर उभे राहण्याचे आहे.

प्रतिसाद १

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आधी ‘मुळासकट’ या शब्दाविषयी लिहितो, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. चामखिळीला मूळ नसते. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, म्हणजे बाह्यत्वचेत राहतो. तळपायावर शरीराचा भार पडत असल्याने चामखीळ आत दाबली जाते आणि खोलवर रुतल्यासारखी वाटते. ते काळे ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या सूक्ष्म केशवाहिन्या. लेझर विषाणूला वेचून मारत नाही. विषाणू ज्या पेशींत राहतो त्या पेशी, किंवा त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या, तो नष्ट करतो. त्यामुळे कडेच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेत विषाणू शिल्लक राहिला, तर चामखीळ पुन्हा येऊ शकते.

तुमच्या डॉक्टरांना लेझर कोणता, हे अवश्य विचारा. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते. ती पेशींतील पाण्यात शोषली जाते आणि ऊतीची थराथराने वाफ होते. यासाठी भूल द्यावी लागते आणि मागे उघडी जखम राहते. ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर मात्र रक्तातील हिमोग्लोबिनवर काम करतो आणि चामखिळीचा रक्तपुरवठा तोडतो. जागा काही दिवस जांभळी-काळी पडते, परंतु सहसा उघडी जखम होत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही चालता येते. त्याच्या काही आठवड्यांच्या अंतराने अनेक खेपा घ्याव्या लागतात. दिवसभर उभे राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत, तो उपलब्ध असेल तर, मी आधी त्याचाच विचार करीन. तळपायावर खोल व्रण राहिला तर चामखीळ गेल्यानंतरही दर पावलाला दुखत राहू शकते. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर जखम करणारा कोणताही उपाय फार जपून करावा लागतो.

प्रतिसाद २

मी कार्बन डायऑक्साइड लेझर करून घेतला आहे. सर्वांत जास्त दुखले ते तळपायात दिलेले भुलीचे इंजेक्शन. पुढचे काहीच जाणवले नाही, फक्त जळक्या केसांसारखा वास येत होता. डॉक्टरांनी मास्क लावला होता आणि धूर ओढून घेणारी नळी जखमेच्या अगदी जवळ धरली होती. त्या धुरातही विषाणूचे अंश असू शकतात, असे त्यांनी नंतर समजावले. शर्टाच्या बटणाएवढा खळगा भरून यायला पाच आठवडे लागले. पहिले दहा दिवस मी टाच टेकवून पुढचा पाय उचलूनच चालत होतो. मधोमध भोक पाडलेली जाड गादी बुटात घातल्यावर मात्र बराच आराम पडला. तीन महिन्यांनी कडेला एक बारीक चामखीळ पुन्हा दिसली, ती औषधाने गेली. तुम्हाला उभे राहण्याचे काम असेल तर सुट्टीची तजवीज आधीच करून ठेवा.

प्रतिसाद ३

सॅलिसिलिक आम्ल नेमके किती दिवस लावले, हे तुम्ही लिहिलेले नाही. हा उपाय साधारण १२ आठवडे रोज करावा लागतो: पाय कोमट पाण्यात भिजवायचा, मेलेली पांढरी त्वचा कानशीने घासायची आणि मगच औषध लावायचे. ती कानस दुसरीकडे वापरू नये. खाडा पडत असेल, तर औषध निष्फळ ठरले असे म्हणता येणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. औषध मी जेमतेम पाच आठवडे, तेही अधूनमधून लावले होते, हे मान्य करतो. कानसही एकच होती, आणि नव्या दोन चामखिळी त्यामुळेच आल्या असाव्यात असे आता वाटते. लेझर पुढे ढकलून आधी पूर्ण १२ आठवडे औषध करावे का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

होय, तुमच्या डॉक्टरांशी बोलून तसे करणे योग्य ठरेल. शेजारच्या नव्या चामखिळींवरही त्याच दिवसापासून औषध सुरू करा. त्याने भागले नाही तर चामखिळीतच इंजेक्शन देऊन शरीराची प्रतिकारशक्ती जागवण्याचा पर्यायही आहे. त्यासाठी गोवर-गालगुंड-रुबेला लसही वापरली जाते. अखेर कार्बन डायऑक्साइड लेझरच ठरला आणि गाठीचे रूप थोडेही वेगळे वाटत असेल, म्हणजे ती झपाट्याने वाढत असेल किंवा चिघळत असेल, तर आधी तिचा लहान तुकडा तपासणीला पाठवायला सांगा, कारण वाफ होऊन गेलेल्या ऊतीतून तपासण्यासारखे काहीच उरत नाही.